एकशे पासष्टवरची टिकली

मंगळवार, २१ एप्रिल

११ डिसेंबरच्या नोंदीत माझी एक चूक आहे. त्या दिवशी मी लिहिलंय, "आज गेजवरची टिकली १६५ वरून १४७ वर आणली. काळजी मिटली." टिकली खाली आणलेली मी पाहिली नव्हती. बाबा भरणी शेडच्या दिशेने गेले, एवढंच ऑफिसच्या खिडकीतून दिसलं. बाकीचं मी मनाने लिहिलं. ते पान खोडत नाही. खोडलं तर कोणती गोष्ट मला केव्हा कळली, हेही पुसलं जाईल.

काल शेडमध्ये जाऊन पाहिलं. टिकली १६५ वरच आहे.

शुक्रवारपासून माझं डोकं एका जागी थांबत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. बुटीबोरीच्या आमच्या कारखान्यात सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरतात. बाबा सत्तावीस वर्षं भरणीवर आहेत. मी गेल्या मे महिन्यात नोंदणीला लागले. भिंतीवर एक तक्ता आहे : किती अंश तापमान असताना गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा, काटा कुठे थांबवायचा. सिलिंडर तेच, आतला गॅसही तेवढाच, पण चव्वेचाळीस अंशांच्या दुपारी काटा १६५ किलो दाखवतो आणि नऊ अंशांच्या पहाटे १४७. तक्ता इंग्रजीत आहे. भरणीवरची नवी माणसं त्याच्याकडे बघतही नव्हती. म्हणून मी माझी एक लाल टिकली गेजच्या काचेवर चिकटवली, १६५ वर. "काटा टिकलीला टेकला की बंद." सगळे हसले, आणि सगळ्यांना ते जमलं. ऋतू बदलला की टिकली सरकवायची, हेही मी सांगितलं होतं. पावसाळ्यात कोणी सरकवली नाही. पण बाबा आपल्या अंदाजाने दोन बोटं अलीकडेच थांबायचे आणि बाकीचे त्यांचं बघून थांबायचे.

डिसेंबरात गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या. थंडीत त्यांच्याकडचा काटा खाली दिसायचा आणि त्यांना वाटायचं, कमी भरून देतात. मॅनेजर चेतन सरांनी हुकूम काढला : भरलेली सिलिंडरं पहाटे गार झाली की पुन्हा तपासा आणि आणखी गॅस भरून काटा टिकलीपर्यंत वर आणा. ते ऐकल्याबरोबर मी बाबांना म्हटलं, टिकली आजच खाली घ्या. तो ११ डिसेंबर.

१२ डिसेंबर ते २८ जानेवारी, म्हणजे पहाटेची ती तपासणी चालू होती तोवर, रविवार आणि २६ जानेवारी सोडून, मी रजिस्टरच्या 'दाब' या रकान्यात रोज १४७ किंवा १४८ लिहिलं. शेडमध्ये गेले नाही. पहाटेची हवा छातीत बसली की माझा दमा उठतो. टिकली खाली आहे असं धरून, तक्त्याप्रमाणे जे असायला हवं ते लिहिलं. चाळीस ओळी आहेत. अक्षर फार सुंदर आलं आहे.

शुक्रवारी, १७ तारखेला, कामठी रस्त्यावरच्या एका भंगाराच्या यार्डात आमचं सिलिंडर फुटलं. गॅसने लोखंड कापणारा कामगार, पियुष नाव, वय एकतीस. दोन्ही पाय गेले. सिलिंडरचा नंबर रजिस्टरमध्ये शोधला. ६ जानेवारी. दाब १४७. खाली माझी सही.

बुधवार, २२ एप्रिल

गेजवर टिकली नाही. काचेवर तिच्या गोंदाचं वर्तुळ आहे आणि त्याला धूळ चिकटली आहे. चेतन सरांनी काढली असणार. बाबा हातमोजे धुवत होते.

शनिवार, २५ एप्रिल

दम्यामुळे आठ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. बाबा दहावीपर्यंत शिकलेले. ड्यूटीवरून आले की आंघोळ करून मला घेऊन बसायचे. अक्षरं, पाढे, नकाशा, सगळं त्यांनी घरी शिकवलं. गॅस म्हणजे काय हेही.

स्टीलच्या डब्यात त्यांनी मूठभर मोहरी टाकली, झाकण लावलं आणि डबा माझ्या कानाशी हलवला. "हे गॅसचे कण होय. कधी चूप बसत नाहीत. जोरात हलवलं म्हंजे गरमी. दाने बी जोरात पळतेत, झाकनावर मार बी जोरात." मग तीच मोहरी हळदीच्या छोट्या डबीत ओतली. "आता जागा कमी. दाने तेच, मार जास्त. समजलं का वं?" आई चुलीपाशी होती. म्हणाली, "समजलं. आता फोडनीले काय टाकू, गॅस?"

त्यांनी आणखी एक नियम घालून दिला होता. पाटीवर पावसाचा तक्ता करायचो आम्ही, अंगणात डबा ठेवून. एक दिवस मी तापाने पडले होते आणि तरी अंदाजाने आकडा लिहिला. त्यांनी तो पुसला. "पाह्यलं तेच लिवायचं. नाई पाह्यलं तं रेघ ओढायची. रेघ ओढन्यात लाज नाई."

आज हिशेब केला. ६ जानेवारीची पहाट नऊ अंश. गॅसच्या हिशेबात त्यात २७३ मिळवावे लागतात, म्हणजे २८२. उन्हातल्या लोखंडाचं तापमान अडुसष्ट धरलं तर ३४१. सिलिंडर १४७ ला थांबवलं असतं तर यार्डात त्यात १७८ चा दाब झाला असता. १६५ ला थांबवलं, म्हणून जवळजवळ दोनशे. जागा तेवढीच, दाणे जास्त, आणि पळणं जोरात. सिलिंडरची चाचणी अडीचशेला घेतात. म्हणजे तरीही ते फुटायला नको होतं. पण यार्डातून परत आलेल्या तुकड्याच्या बुडाला गंजाचे पापुद्रे होते. जास्तीच्या एकवीस-बावीस किलोंनी ते फुटलं की गंजाने, हे कोणी कधी सांगू शकणार नाही. हे लिहिल्यावर मला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटते आहे.

त्या चाळीस दिवसांतली बहुतेक सिलिंडरं वापरून रिकामी परत आली. चौतीस आली नाहीत. कोणाच्या तरी छपरीत, अंगणात, गॅरेजच्या दाराशी भरलेली उभी आहेत. आज चव्वेचाळीस अंश होतं.

बाबांना जेवताना सांगितलं.

"चौतीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कोनाकोनाकडं हायेत, लिवून दे."

मी यादी दिली. त्यांनी ती न बघता घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "पोळी थंडी होऊन राहिली." त्यांना हा विषय नको आहे. इतकी वर्षं ज्यांनी मला डोळे उघडे ठेवायला शिकवलं, ते बघायलाही तयार नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं.

मंगळवार, २८ एप्रिल

चेतन सरांनी बोलावलं. कूलरसमोर बसवलं, चहा मागवला.

"रजिस्टर देखा मैंने. तुझं अक्षर म्हणजे मोती आहे मोती. मी शेठजींना म्हटलं, या पोरीमुळे आपण वाचलो." मग एक पाकीट दिलं. मला कायम केल्याचं पत्र. त्यासोबत एक टाइप केलेला कागद, सहीसाठी : रजिस्टरमधल्या सर्व नोंदी मी स्वतः गेज पाहून केल्या आहेत. चौकशीसाठी सरकारी अधिकारी २० मे रोजी येणार आहेत. त्या आधी कागद हवा.

मी म्हटलं, "सर, चौतीस सिलिंडरं अजून बाहेर आहेत. ती परत मागवू या का?"

"काहून?"

"त्यात दाब जास्त असेल."

"रजिस्टरमध्ये तर एकशे सत्तेचाळीस आहे. तुझंच आहे ना रजिस्टर?" ते हसले. "देख बेटा, परत मागवली म्हणजे आपण कबूल केलं. उद्या पेपरवाले लिहितील, गावभर बॉम्ब ठेवलेत. मग अधिकारी सगळ्यात आधी कोणाला धरेल? मला? शेठजींना? भरणाऱ्याला. येत्या मार्चमध्ये रिटायर होऊन राहिले ना तुझे बाबा? त्यांचा विचार कर."

या सगळ्यात सरांना बाबांची आठवण राहिली, हे मान्य करायला हवं. कागद घरी घेऊन आले. सही केली नाही. नाहीही म्हटलं नाही.

रविवार, ३ मे

दवाखान्यात गेले. काय म्हणून गेले, ते मला सांगता येणार नाही. पियुषला बघू दिलं नाही. बाहेर पायरीवर त्याची बायको बसली होती, रोशनी. माझ्याच वयाची. मी म्हटलं, गॅस कंपनीच्या ऑफिसमध्ये असते. वाटलं, अंगावर येईल. तिने पदराने पायरी पुसली आणि मला बसायला जागा केली.

"ताई, एक विचारू का? तुमाले समजत असंल. उनात ठेवल्यानं फुटते का ते?"

मी म्हटलं, "ऊन एकटं... त्याने दाब वाढतो."

"मंग मीच केलं." ती अगदी सरळ आवाजात बोलली. "यार्डात एकच कडुनिंब हाये. ते भरलेलं सिलिंडर अजून उघडलं बी नवतं, त्यांनी सावलीत ठेवलं होतं, रोज तिथंच ठेवत. मी डबा घेऊन गेली. म्हटलं, काय वो, लोखंडाले सावली अन् बायकोले ऊन? तं हसले. सिलिंडर उनात सरकवलं अन् मले म्हणे, बसा रानीसाहेब. जेवन झाल्यावर मी भांडे घासाले नळावर गेली, हे कामाले लागले." मग म्हणाली, "कोनाले सांगतलं नाई अजून. सासूले तं नाईच."

मी तिला सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात नर्सने औषधांची चिठ्ठी आणली आणि ती उठून गेली. चिठ्ठी आणली नसती तर मी सांगितलं असतं का? इथे खोटं लिहायचं नाही. मला माहीत नाही.

घरी आले तेव्हा बाबा नव्हते. आई म्हणाली, सकाळीच लुना घेऊन गेले, कुठे ते सांगितलं नाही.

सोमवार, ४ मे

४५.१ अंश.

गुरुवार, ७ मे

पियुष सकाळी गेला.

ऑफिसमध्ये दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. चेतन सरांनी डोळे मिटले होते. नंतर त्यांनी विचारलं, "तो कागद?" मी म्हटलं, घरी राहिला. खोटं होतं. पर्समध्येच होता.

रोशनी आता ते सावलीचं कोणाला सांगेल? की कोणालाच नाही? ती म्हातारी होईपर्यंत त्या कडुनिंबाखाली बसलेली राहील, आणि तिथे मी बसायला हवी आहे.

बाबांना बातमी शेडमध्येच कळली असणार. आईला म्हणाले, उद्या-परवा सुटी टाकतो.

सोमवार, ११ मे

बाबांचं मला काही कळेनासं झालंय. शुक्रवारी, शनिवारी, काल, तिन्ही दिवस सकाळी लुना घेऊन गेले आणि भर दुपारी परत आले. चेहरा भाजल्यासारखा. मी हाक मारली तर दोनदा ऐकूच आली नाही. आई विचारते, तर म्हणतात, "काम होतं." मला वाटतं, ते दुसरीकडे नोकरी बघताहेत. इथून काढतील अशी धास्ती असेल.

घरी आल्यावर ते लगेच चुलीकडे येत नाहीत. अंगणात उभे राहतात, कपडे बदलून दोरीवर टाकतात, आंघोळ करतात, मगच आत. काल आई म्हणाली, "आले तसा देवापुढं दिवा लावा जरा, माहे हात पिठाचे हायेत." तर लांबूनच म्हणाले, "तूच लाव. मी आत्ता आगीजवळ येत नाई." आई मला म्हणाली, "देवावर बी रागावले का वं तुहे बाबा?" पियुष गेल्यापासून त्यांचा विश्वास उडाला असावा. मीही जोर केला नाही.

त्यांचा पितळी पाना शेडमधल्या खिळ्यावर नाही. सत्तावीस वर्षांत तो पाना कधी शेडबाहेर गेल्याचं मी ऐकलं नाही. चोरी झाली असेल तर आणखी एक चौकशी.

शुक्रवार, १५ मे

मी मूर्ख आहे. ऑक्सिजनच्या कारखान्यात काम करते, बी.एस्सी. आहे, आणि आईसारखंच मलाही काही कळलं नाही.

आज दुपारी बाबांचा सदरा धुवायला घेतला. खिशात छोटी वही होती. आत माझीच यादी, चौतीस नंबर, त्यांच्या अक्षरात पुन्हा लिहिलेले. एकोणीस नंबरांपुढे बरोबरची खूण, तारीख आणि दोन आकडे. १८८, १३०. १९१, १३०. १८६, १२८. वहीच्या पुठ्ठ्याला आतून माझी लाल टिकली चिकटवलेली.

ते गिऱ्हाइकांकडे जाऊन एकेका सिलिंडरचा वॉल्व्ह उघडून जास्तीचा गॅस सोडून देत होते. एकटे, ऐन उन्हात. त्या आवाजाने कानाला दडे बसतात. कपड्यांत ऑक्सिजन मुरतो. ठिणगी पडली तर माणूस कापसासारखा पेटतो. म्हणून ते दिव्याजवळ येत नव्हते.

अंगणात ते खाटेवर बसले होते. मी वही समोर धरली.

"टिकली तुम्ही काढली?"

"हो."

"मला वाटलं, सरांनी."

"त्याले कायले पाह्यजे? त्याले तं रजिस्टर पाह्यजे." मग म्हणाले, "गोंदावर बोटाचे ठसे राहातेत म्हन्तेत. तुहे."

मी विचारलं, ११ डिसेंबरला ते टिकली सरकवायला गेले होते की नाही.

"गेलतो. नखानं काढत होतो. चेतन आला. म्हणे, लहानू, गिऱ्हाईक सुटून राहिलं अन् तू काटा खाली आनतं? पोरीच्या टिकलीनं कंपनी चालवाची का? मंग म्हणे, तिची नोकरी कच्ची हाये अजून, ध्यानात ठेव. मी हात मागं घेतला."

"मला का नाही सांगितलं?"

"तुले सांगतलं असतं तं तू त्याच्याशी भांडली असती. भांडली असती का नाई?"

"भांडले असते."

"अन् तिकडं तू एकशे सत्तेचाळीस लिवून राहिली होती, हे मले कोठं मालूम? मी समजलो, माही दामिनी पाहून लिवत असंल, एकशे पासष्टच लिवत असंल. कधीतरी कोनी मोठा मानूस रजिस्टर पाहील, तं दिसंल त्याले. मी तुह्या रजिस्टरच्या भरवशावर होतो, अन् तू माह्या टिकलीच्या."

आई दारात होती. ती म्हणाली, "अन् मी तुमा दोघाईच्या." आणि आत गेली.

रविवार, १७ मे

बाबा एकट्याने जाऊ नयेत म्हणून मी सोबत गेले. ते नको म्हणत होते. मी सुती कपडे घातले, केसांना तेल लावलं नाही. ऑक्सिजनला तेल चालत नाही.

चार ठिकाणं केली. शेवटचं महाल भागातल्या एका गल्लीत, कूलरचे पत्रे जोडणाऱ्या दुकानामागे. सिलिंडर भिंतीला टेकून उन्हात उभं होतं आणि त्याच्यावर कोणी तरी ओला टॉवेल वाळत घातला होता. दुकानदार म्हणाला, "लहानूभाऊ, भरलेला माल काहून सोडून देऊन राहिले? डोकं फिरलं का?" बाबा म्हणाले, "फिरलं हो. तू जरा लांब जाऊन फिर."

त्यांनी गेज लावलं. १८९. मग पाना टाकून वॉल्व्ह अगदी थोडा उघडला. तो आवाज मी शेडमध्ये हजार वेळा ऐकला आहे; पण गल्लीत, दोन भिंतींच्या मध्ये, तो वेगळाच होता. कोणीतरी खूप दिवस दाबून ठेवलेलं रडावं तसा. कबुतरं उडाली. काटा हळूहळू खाली येत होता आणि मी आकडे म्हणत होते, लहानपणी पाढे म्हणायचे तसे.

"हात लाव इथं," बाबा म्हणाले. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वॉल्व्ह माठासारखा थंड लागला. "जागा भेटली का गॅस असा थंडा होते. धावनं कमी होते त्याचं." मग बाजूला तोंड करून म्हणाले, "त्याच्या बायकोले सांगशीन का तू?"

रोशनीचं मी त्यांना कधी सांगितलं होतं, आठवत नाही. आईला सांगितलं होतं.

"सांगणार," मी म्हटलं.

१३० ला त्यांनी वॉल्व्ह बंद केला. परत येताना लुना त्यांनी मला चालवायला दिली. आम्ही दोघंही घरापासून लांबच एका झाडाखाली अर्धा तास उभे राहिलो, कपड्यांतला ऑक्सिजन जाईपर्यंत. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाप-लेक बसची वाट बघताहेत.

सोमवार, १८ मे

तेवीस झाली. अकरा राहिली. त्यातली तीन उमरेडकडे, दोन खापरखेड्याच्या वसाहतीत, बाकी सहा एका विक्रेत्याने पुढे कोणाला विकली ते तो सांगत नाही. ती लुनावर बसून सापडणार नाहीत. कारखान्याने नोटीस काढली किंवा अधिकाऱ्याने हुकूम दिला तरच सापडतील. आणि अधिकारी हुकूम तेव्हाच देईल, जेव्हा १४७ हा आकडा कोणी पाहिलेला नव्हता हे त्याला कळेल. ते सांगू शकणारी मी एकटीच आहे. सोमवारी, २५ तारखेला, नवतपा लागतो, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस.

चेतन सरांनी आज तिसऱ्यांदा कागद मागितला. मी म्हटलं, बुधवारी देते. ते खूश झाले. हेही एक अर्धं खोटं, इथे नोंदवते.

मी काय सांगणार ते ठरवलं आहे. टिकली मी लावली. रजिस्टर मी न बघता भरलं. टिकलीपर्यंत वर आणण्याचा हुकूम चेतन सरांचा होता. पण ११ डिसेंबरचं ते बोलणं मी ऐकलेलं नाही, म्हणून ते मी सांगणार नाही. ते बाबांनी सांगायचं. गंजाचंही सांगणार, कारण तेही खरं आहे. कायमचं पत्र आणि तो कागद परत करणार. ही डायरी सोबत नेणार, ११ डिसेंबरच्या चुकीच्या पानासकट. तिथून निघाले की रोशनीकडे. तिला म्हणणार, तुझ्या सावलीपायी काही झालं नाही. तेवढं नक्की सांगता येईल का, याचा मी दोन दिवस विचार करते आहे. उन्हामुळे दाब वाढला, हे खरंच आहे. तिला एवढंच सांगेन : ऊन सगळ्यांच्या सिलिंडरला लागतं, आणि ते सोसेल एवढंच भरणं हे आमचं काम होतं.

बाबांनाही बोलावणं आलं आहे. त्यांची वेळ साडेदहाची, माझ्या अर्धा तास आधी. मी म्हटलं, बरं झालं, बरोबरच जाऊ. ते हो म्हणाले. आज बऱ्याच दिवसांनी ते नीट जेवले. जेवताना त्यांनी विचारलं, टिकल्यांचं ते पाकीट मी कोणत्या दुकानातून आणलं होतं. मी म्हटलं, गोळीबार चौकातल्या बांगड्यांच्या दुकानातून. "केवढ्याचं होतं?" "दहा रुपयांचं." "अन् मे महिन्याच्या कोनत्या तारखेले लावली तू?" मी या डायरीत बघून सांगितलं, २६ मे. "बांगड्यांचं दुकान, दहा रुपये, सव्वीस मे," असं त्यांनी दोनदा मनाशी म्हटलं, पाठ केल्यासारखं. का विचारलं कळलं नाही. म्हाताऱ्या माणसांना एकेक गोष्ट लागते.

त्यांची वही मी मागून घेतली, अधिकाऱ्याला दाखवायला. तेवीस नंबरांपुढे बरोबरची खूण आणि आकडे. उरलेल्या अकरांपुढे बाबांनी आकडा लिहिलेला नाही. प्रत्येकापुढे पट्टी लावून सरळ रेघ ओढली आहे.

पुठ्ठ्याच्या आतली टिकली मात्र आता तिथे नाही.

माझी वेळ बुधवार, २० मे, सकाळी अकरा. बाबांची साडेदहा.